ड्रॉइंगात नसलेली तुराटी

मुरुमला माहेरी गेले की विहारासमोर बसलेल्या बायका दर खेपेला तोच प्रश्न विचारतात. "सुजाता, तू पुण्याला नेमकं काय करतीस गं?" परदेशी कंपनीत आहे, मी सांगते. "ते ठाव हाय. पण बनवतीस काय?" मी काही बनवत नाही. "मग कंपनी काय बनवती?" खरं सांगायचं तर कंपनीही आता काही बनवत नाही. हे उत्तर ऐकून आमची चुलती एकदा शेजारणीला हळूच म्हणाली, "नोकरी गेल्याली दिसती पोरीची. सांगंना झालीय."

चुलतीला बोल लावण्यात अर्थ नाही. एवढी वर्षं या धंद्यात काढून मलाही तो धड सांगता येत नाही, तरी प्रयत्न करते. आमची कंपनी युरोपातली. पाठीवर घ्यायचे फवारणीचे पंप तिच्या नावानं जगभर विकले जातात. पूर्वी ते सगळे तिच्याच कारखान्यात व्हायचे. मग वरच्या लोकांनी असं ठरवलं की टाकी एका देशातून घ्यावी, पट्टे दुसऱ्या देशातून आणि नळीच्या मुठीतला पितळी व्हॉल्व्ह भारतातून. खटका दाबला की फवारा सुरू, सोडला की बंद, एवढंच काम त्या व्हॉल्व्हचं. असे माल बनवणारे लोक शोधायचे, त्यांच्याकडून ड्रॉइंगप्रमाणे बनवून घ्यायचं आणि काही बिघडलं की दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, ही माझी नोकरी. धाराशिव-सोलापूर पट्टा माझ्याकडं होता. आपल्या भागातल्या लेथवरचं पितळ परदेशातल्या द्राक्षमळ्यांत फिरतं याचा मला अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

या धंद्यात माणसं फसवतात आणि त्यानं त्रास होतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. माझा अनुभव उलटा. मला सगळ्यात जास्त ताप झाला तो भलं करणाऱ्या माणसांचा. आपल्याकडं सांभाळून घेण्याची रीत आहे. कार्यात रस्सा खारट झाला तर कुणीतरी गुपचूप त्यात बटाटे सोडतं, आचाऱ्याला बोलत नाही आणि पाहुण्याला कळू देत नाही. तीच रीत आमचे लोक कारखान्यात चालवतात.

उमरग्याकडच्या एका स्प्रिंगवाल्याची गोष्ट सांगते. खोक्यात स्प्रिंगांच्या मध्ये कागदाचे कपटे भरा, असं त्याला लेखी दिलेलं होतं. त्याला वाटलं, कागद दबतो, एवढ्या लांब जाईपर्यंत स्प्रिंगा वाकतील. मग गड्यानं घरचा कडबा बारीक कापून, पाखडून, खोक्यांत भरला. कुणाला काही बोलला नाही. तिकडच्या बंदरावर वाळलेल्या वैरणीला बंदी असते, त्यातून कीड येते म्हणून. कंटेनर अडकला. बंदरावरच्या अधिकाऱ्यानं फोटो पाठवून मला विचारलं, आत जनावरं आहेत का? मी संतापून फोन केला तर हा म्हणतो, "मॅडम, शाळूचा कडबा हाय, साधा न्हाय." त्याच्यावर किती चिडावं आणि किती नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण आज सांगायचंय ते तामलवाडीच्या अंबादासअण्णांचं आणि इंग्रिडबाईंचं.

अण्णांचे भाऊबंद अजून मेंढरं राखतात. अण्णांनी सोलापुरात लेथवर हात बसवला आणि गावात येऊन स्वतःची शेड टाकली. आमचा पितळी व्हॉल्व्ह तिथं बनतो. अण्णांचा आवाज लेथच्याही वर जातो आणि शेंगाचटणी-भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांच्या शेडमधून कुणाची सुटका नसते, मग तो तपासणीला आलेला साहेब का असेना. एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला जोडणीचं लांब टेबल. त्या टेबलाशी गावातल्या बायका बसतात, त्यांच्यात मंगलबाई सगळ्यात जुन्या.

इंग्रिडबाई युरोपात, मुख्य कचेरीत. व्हॉल्व्हचं डिझाइन त्यांचं. निवृत्तीला आलेल्या, केस पांढरेशुभ्र, बोलणं तुटक. पहिली काही वर्षं मी त्यांना घाबरूनच असायचे. मग एकदा फोनवर त्या मोकळेपणानं बोलल्या. म्हणाल्या, कारखाना इथं होता तेव्हा माझ्या खोलीतून एक जिना खाली जायचा. काही नवं सुचलं की मी कॉफीचा कप घेऊन खाली उतरायचे. लेथवरचा माणूस कागद बघून मान हलवायचा, हे चालणार नाही म्हणायचा. मी चिडून वर यायचे आणि कागद बदलायचे. आता खाली गाड्या लावतात.

त्यांचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. कारखाना आमच्याकडं आला, यंत्रं आली, ड्रॉइंगं आली, पण जिना काही कुणी पाठवला नाही. अण्णा आणि इंग्रिडबाई दोघंही रात्रंदिवस एकाच व्हॉल्व्हचा विचार करत होते आणि एकमेकांना नावानंही ओळखत नव्हते. मधे मी होते, पण माझं काम माल वेळेवर पाठवायचं होतं. दोघांची गाठ घालून द्यावी, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

इंग्रिडबाईंना एक हलका खटका बनवायचा होता. फवारणी करणाऱ्याला दिवसभर खटका दाबून धरावा लागतो. संध्याकाळी बोटं आखडतात, भाकरी मोडता येत नाही. माझ्या आईनं दुसऱ्यांच्या रानात पंप मारलेला आहे, तिचा अंगठा मी चोळून दिलेला आहे. त्यामुळं हे काम मला आपलं वाटायचं. बाई कितीतरी वर्षं त्यामागं होत्या. आतली स्प्रिंग नरम केली की खटका हलका होतो, पण स्प्रिंग नरम झाली की व्हॉल्व्ह गळतो. तिकडंच करून घेतलेले त्यांचे नमुने सगळे गळत होते. पाण्याचा थेंब नव्हे, औषधाचा थेंब, तोही माणसाच्या हातावर. असा व्हॉल्व्ह विकता येत नाही.

वरच्या साहेबांचा धीर सुटला होता. बाजारात तयार व्हॉल्व्ह मिळतो तो घेऊन टाकू, स्वतः शोधत बसायचे दिवस गेले, असं त्यांचं मत. वर्षअखेरच्या बैठकीत गळका व्हॉल्व्ह आला तर ते काम कायमचं बंद, असं बाईंना स्पष्ट सांगण्यात आलं.

बाईंना कोडं वेगळंच पडलं होतं. व्हॉल्व्हच्या आत एक गोल पितळी कड असते, तिच्यावर रबरी वायसर टेकतो आणि पाणी अडतं. नव्या व्हॉल्व्हची ती कड त्यांनी जुन्यासारखीच ठेवली होती. जुना तामलवाडीचा माल वर्षानुवर्षं जगभर गळत नव्हता, मग नवा का गळावा? त्यांनी मला लिहिलं, तुमचा माणूस ती कड ड्रॉइंगप्रमाणेच करतो ना, विचार.

मी अण्णांना फोन केला. "शंभर टक्के ड्रॉइंगपरमाण, मॅडम," अण्णा म्हणाले. मी जुन्या व्हॉल्व्हचे नमुने मागवले. अण्णांनी ताबडतोब पाठवले. बाईंनी ते भिंगाखाली धरले. कड धारदार, ड्रॉइंगात लिहिली होती तशीच. कोडं होतं तिथंच राहिलं.

शेवटी मीच तामलवाडीला गेले. पोचले आणि वीज गेली. लेथ थांबले, अण्णा जनरेटरवाल्याला शोधायला बाहेर पडले. मी जोडणीच्या टेबलाशी जाऊन बसले. बाकी सगळं थांबलं होतं, मंगलबाईंचं काम मात्र चालूच होतं. हातात बोटभर लांब तुराटी, म्हणजे तुरीचं वाळलेलं काडकं, तिच्या टोकाला पॉलिशची पेस्ट. ते टोक व्हॉल्व्हच्या तोंडात घालून दोन्ही तळव्यांत फिरवायचं, फुंकर मारायची, बाजूला ठेवायचं. कोपऱ्यात तुराट्यांची मोळी होती. ती चहाच्या चुलीसाठी असेल, असं मी आजवर धरून चालले होते.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"घासायलोय की."

"कशासाठी?"

मंगलबाईंनी माझ्याकडं नवल करून पाहिलं. "न्हाय घासलं तर गळतंय की ओ. पयल्या खेपंला सगळा माल गळला हुता. धारंनं वायसर कापायचा. मग असं केलं तवा थांबलं."

"सगळ्या मालाला करता?"

"सगळ्याच. तुमच्या हापिसाला सॅम्पल जातंय तेवढं सोडून. ते ड्रॉइंगपरमाण लागतंय म्हणत्यात अण्णा."

मी डोक्याला हात लावला. बाजारात जाणारा माल घासलेला, आणि ज्यांनी कोडं सोडवायचं त्यांच्याकडं जाणारा नमुना बिनघासलेला! पाहुण्यांचं ताट वेगळं वाढायची आपली सवय, ती अण्णांनी नमुन्यांनाही लावली होती. आमच्या तपासणीत भोक, आटे, लांबी सगळं मोजलं जातं. त्या कडेपुढं नुसतं 'धारदार' असं लिहिलेलं, आकडा नाही, म्हणून ती कुणी मोजलीच नव्हती.

तेवढ्यात अण्णा परत आले. माझ्या हातातली तुराटी बघून त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मॅडम, हे तिकडं सांगू नका."

"अण्णा, तिकडं एक बाई यामुळंच अडलीय."

"मला समजतंय. पण कागदात काय लिवलंय? ड्रॉइंग सोडून केलं तर काम बंद. हितं बसल्याल्या बायांची घरं ह्याच्यावर हायती. आमी काय वंगाळ केलं का? सांभाळूनच घेतलं नव्हं?"

खरं होतं ते. ड्रॉइंगात चूक आहे असं लेखी कळवायची सोयही आमच्याकडं होती, पण कळवलं की आधी माल थांबतो, मग चौकशी, मग परवानगी, आणि तोवर शेडला कुलूप. तोंड उघडणाऱ्याला शिक्षा होईल अशीच ती सोय होती. मी कळवून मोकळी झाले असते, पण अण्णांचं काम गेलं असतं. गप्प बसले असते तर बाईंचा खटका गेला असता. मला दोन्ही माणसं जवळची. तो दिवस मला फार जड गेला.

मी अण्णांना एकच विनंती केली. बाईंशी एकदा बोला, काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. अण्णा नको नको म्हणत लॅपटॉपपुढं बसले, टोपी सारखी केली.

पडद्यावर इंग्रिडबाई आल्या. पुढ्यात त्यांचा नवा व्हॉल्व्ह, खाली फडकं अंथरलेलं. त्यांनी खटका दाबला, सोडला. थेंब पडला. त्यांनी फडक्यानं पुसला, पुन्हा दाबला, पुन्हा थेंब. मग त्या नुसत्या पुसत राहिल्या. एवढी मोठी कंपनी, आणि पडद्यावर एक थकलेली बाई फडकं घेऊन बसलेली. अण्णांनी कंपनी म्हणून मनात काय चित्र धरलं होतं कोण जाणे, पण हे खासच नव्हतं.

अण्णा पुढं सरकले. "मॅडम, बाईला इचारा, वायसर कापल्याला दिसतोय का?"

मी विचारलं. बाईंनी वायसर काढून कॅमेऱ्याजवळ धरला. त्यावर गोल, बारीक चीर होती.

अण्णा उठले. कोपऱ्यातल्या मोळीतून एक तुराटी उपसली आणि पडद्यापुढं धरली. "म्हणावं, ह्येनं घासा. लोखंडानं न्हाय, ह्येनंच. कडंची धार मेली पायजे."

तूर कशाला म्हणतात इथपासून मला समजावून सांगावं लागलं. बाईंकडं तुराटी कुठली असणार? त्यांनी बागेतलं कसलंसं मऊ लाकूड तासून घेतलं. त्या आठवड्यातच त्यांचा फोन आला. व्हॉल्व्ह गळायचा थांबला होता. असं का होतं तेही त्यांनी समजावलं. कठीण हत्यारानं कड मोडली की दोन नव्या धारा तयार होतात. मऊ लाकूड स्वतः झिजत जातं आणि कड हळूहळू गोल होते. हे कारण ना मंगलबाईंना माहीत होतं, ना अण्णांना. बाई पुढं म्हणाल्या, "जिन्याखाली बसायचा तो आमचा माणूसही काहीतरी करत असणार. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही." म्हणजे ते ड्रॉइंग पहिल्यापासूनच अपुरं होतं आणि दोन देशांतल्या माणसांनी ते आपापल्या परीनं झाकलं होतं.

वर्षअखेरच्या बैठकीला बाईंनी अण्णांनाही पडद्यावर बोलावलं. मी शेजारी दुभाषी. मोठ्या साहेबांनी खटका दाबून पाहिला, सोडून पाहिला, कोरडा निघाला. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला ड्रॉइंगप्रमाणे माल दिलाच नाही?"

मी त्याचं मराठी केलं तेव्हा अण्णांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी उत्तर द्यायच्या आत इंग्रिडबाई बोलल्या. "ड्रॉइंग माझं आहे. चूक त्यात होती. या लोकांनी ती सुधारली म्हणून आपला व्हॉल्व्ह गळला नाही. जाब विचारायचा तर मला विचारा."

अण्णांचं काम राहिलं. हलका खटका मंजूर झाला. तामलवाडीत त्या दिवशी पेढे वाटले गेले, माझ्या पर्समध्येही कुणीतरी कोंबले. फार दिवसांनी नोकरी केल्याचं समाधान मिळालं.

ते पुरतं अनुभवायच्या आत पुढची बातमी आली. बैठकीतून साहेबांनी आपल्याला सोयीचा अर्थ काढला होता. सुधारणा जर भारतातच होत असतील तर डिझाइनचा विभाग युरोपात कशाला ठेवायचा? इंग्रिडबाईंचा विभाग बंद झाला, काम पुण्याला आलं, आणि ज्यांना त्यात घेतलं त्यांच्यात, शिक्षणानं इंजिनिअर म्हणून, मीही होते. पगारवाढ झाली. घरी सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मला एक घास गोड लागला नाही. सुधारणा तिकडंही झाली नव्हती आणि इकडंही नव्हती. काम करणारा आणि विचार करणारा एकमेकांसमोर बसले तेव्हा ती झाली होती. हे मी लिहून कळवलं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

पुण्याच्या नव्या विभागात मला पहिलं काम मिळालं ते मुठीच्या झाकणाचं. मी रात्री जागून ड्रॉइंग काढलं, तामलवाडीला पाठवलं. अण्णांकडून लगोलग उलट निरोप आला, ओके. मला बरं वाटलं.

नंतर थोड्याच दिवसांनी काही कामानं मी अण्णांच्या शेडमध्ये होते. इंग्रिडबाईंचा कचेरीतला शेवटचा दिवस होता, म्हणून त्यांनी अण्णांना बघायची इच्छा कळवली. मी फोन लावला. बाईंच्या मागची खोली रिकामी झालेली, भिंतीवर चौकटींचे डाग. त्यांनी मंगलबाईंना हात केला, मंगलबाईंनी पदर सावरून नमस्कार केला. अण्णा मात्र पडद्यापासून लांब, स्टुलावर बसून राहिले.

मग म्हणाले, "मॅडम, एक इचारा बाईला. म्या खरं बोललो म्हणून त्येंची नोकरी गेली का?"

नाही म्हणून सांगता आलं असतं, ते अण्णांना बरंही वाटलं असतं. पण मी दुभाषी होते. मी जसंच्या तसं विचारलं.

इंग्रिडबाईंनी अण्णांकडं सरळ पाहिलं. मग म्हणाल्या, "असेल. पण त्यांना सांग, म्हणून पुन्हा गप्प बसू नका."

मी सांगितलं. अण्णांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं. फोन बंद झाला. मग अण्णांनी उठून टेबलाचा खण ओढला आणि माझ्या झाकणाचं ड्रॉइंग माझ्यासमोर पसरलं.

"मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले. "ह्येच्यात एक चूक हाय. सांगू का?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "सांगा, अण्णा."